जोडीदाराचा फॉर्म

"दोघांनी आपापला फॉर्म वेगळ्या खोलीत बसून भरायचा. एकमेकांचं बघायचं नाही," सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बायको मनातल्या मनात हसली होती. पाच वर्षांचा संसार, कडेवर पोर. आता काय परीक्षेला बसल्यासारखे कागद लपवायचे?

एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. बाळ झाल्यापासून नवऱ्याला रात्री अंथरुणात जे जमत नव्हतं, त्यावरची. एवढं सांगायलाही त्याला कित्येक महिने लागले होते, आणि तेही डॉक्टरांसमोर, फरशीकडे बघत. सुरुवातीच्या तपासणीत काही सापडलं नाही, गोळी सुरू झाली. दर महिन्याला एक फॉर्म त्याने भरायचा, एक तिने. तिच्या फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न होता : जिना चढताना त्यांच्या छातीत दडपल्यासारखं होतं का?

तिचं पेन थांबलं. बाळाला घेऊन वर येताना तो दुसऱ्या मजल्यावर हमखास थांबायचा. कठड्याला धरून वाकायचा, बुटाची नाडी बांधतोय म्हणायचा. एकदा तर पायात चपला होत्या.

वेगळी खोली कुठली, घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसले होते.

"काय लिहितेयस?"

"जे आहे ते."

"अगं, मला काढून टाकतील. मग दुसऱ्या डॉक्टरपुढे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसू? एकदा तोंड उघडलं तेवढं पुरे झालं."

"आणि छातीचं काय?"

"पोट सुटलंय. छाती बिचारी त्याच्यामागे धावतेय, दुसरं काही नाही."

ती हसली आणि 'नाही'वर खूण केली. ती खूण काही फक्त त्याच्यासाठी नव्हती. बाळंतपणानंतर आपणच त्याला नकोशा झालो, असं तिने धरून ठेवलं होतं. गोळी लागू पडत होती. ती बंद व्हायला तिलाही नको होती.

पुढच्या पंधरवड्यात एका संध्याकाळी जिन्यातून बाळाचं रडणं ऐकू आलं. तो पायरीवर बसला होता, घामाने निथळत, चेहरा राखेसारखा. बाळाला त्याने दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं, की सोडवून घ्यायला तिला जोर लावावा लागला.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. तो वाचला. "ज्या तक्रारीवर ही गोळी आहे, तिच्यामागे कधीकधी हृदयाचंच दुखणं असतं," डॉक्टर म्हणाले, "म्हणून तर तो प्रश्न विचारला होता." आवाज चढवला नाही. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून सिस्टरकडे गेली. "मी खोटं लिहिलं होतं," म्हणाली. सिस्टरने फॉर्म पुढे केला. ती 'नाही' गिरगटायला लागली, तशी सिस्टरने हात धरला. "असं नाही. एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा, सही करा, तारीख टाका."

तिने रेघ मारली. खालचं 'नाही' कुणालाही वाचता यावं असं तसंच राहिलं.

वॉर्डात नवऱ्याने विचारलं, "काय लिहिलंस?"

"जे आहे ते."

या वेळी त्याने विनोद केला नाही.

हे वाचून झालं, की तुमच्या घरातला माणूस जिन्यात कुठे थांबतो ते बघा. नाडी बांधतोय म्हणाला, तर पायात बूट आहेत का तेही बघा. आणि छातीत दडपतं का ते दार लावून, आजच विचारा.