वरचा कप्पा सकाळचा

"वरचा कप्पा सकाळचा, खालचा संध्याकाळचा. आणि मधली फळी चांगली जाड घाला हं, दादा. या दोघांची गाठ पडता कामा नये!"

मित्रांनो, या जगात माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. तेव्हा मी पुरती जन्मलेही नव्हते. चार फळ्या आणि मूठभर खिळे, एवढाच काय तो माझा संसार. सुतारदादा हसून म्हणाले होते, "ताई, बाटल्या ठेवायच्यात की भांडखोर जावा?"

"जावाच समजा," ताई म्हणाल्या. "एकेकट्या दोघी गुणाच्या. एकत्र आल्या की घर डोक्यावर घेतात."

आज मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. माझे कोपरे झिजले आहेत, डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. पण गेली चौदा वर्षे ताईंच्या पार्लरमध्ये आरशाशेजारी मी ताठ उभी आहे, आणि याचा मला अभिमान वाटतो. तीन खुर्च्या, एक बेसिन आणि काचेच्या दाराचे छोटेसे पार्लर. मला मुद्दाम खिडकीपासून लांब ठेवले आहे, कारण उजेड लागला की व्हिटॅमिन सीचे सीरम आधी पिवळे, मग तपकिरी पडते आणि कामातून जाते.

ताई आधी एका त्वचेच्या डॉक्टरांकडे मदतनीस होत्या. जे शिकल्या ते त्यांनी नेमासारखे पाळले. माझ्या वरच्या कप्प्यात व्हिटॅमिन सीचे सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. खालच्या कप्प्यात त्वचेचा मेलेला थर उतरवणारे ॲसिड आणि डाग-मुरुमांवरचे रेटिनॉल. ही दोघे कामाची खरी, पण तापट. एकाच संध्याकाळी दोघांना एका चेहऱ्यावर बोलवायचे नाही, आणि त्यांना भेटलेल्या चेहऱ्याने दुसऱ्या दिवशी उन्हात मिरवायचे नाही. नायसिनामाइड नावाची एक साधी बाटली मात्र कुठेही चालते. ती बहुतेकांशी जमवून घेते. तिला ताई "आमची थोरली वहिनी" म्हणतात.

येणारी प्रत्येक जण घाईत असे. "ताई, सगळंच लावा ना एकदम! आठवड्यात फरक दिसायला हवा."

ताई आवाज न चढवता म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या होतील बाई. चेहरा म्हणजे करपलेलं पातेलं नाही घासून काढायला. आधी हे कानामागे लाव. तीन दिवस काही झालं नाही, तर मग गालावर. एक नवीन बाटली सुरू केली की दोन-तीन आठवडे दुसरीचं नाव काढायचं नाही. नाहीतर बिघडलं तर कुणामुळे बिघडलं, ते कळणार कसं?"

कुणी तोंड वाकडे करी, कुणी दुसरे पार्लर गाठी. पण ज्या टिकल्या त्यांचे चेहरे मी निवळताना पाहिले. जाताना त्या ताईंचे आभार मानत. कुणी माझ्याकडे पाहत नसे. पण मला ठाऊक होते की ताई भरभर काम करू शकतात, कारण त्यांचा हात न बघता माझ्या कप्प्यात जातो. वर डावीकडून तिसरी म्हणजे व्हिटॅमिन सी. चौदा वर्षांत मी त्यांच्या हाताला चुकीचे काही दिले नव्हते.

या सगळ्यांत माझी लाडकी म्हणजे टाचणी. खरे नाव निराळे असेल, पण पलीकडच्या गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात ती काम करी आणि तिच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या असत, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. तिच्या दोन्ही गालांवर मुरुमांचे काळे डाग होते. ती ओढणीने चेहरा झाकून येई आणि झाकूनच जाई. दुकानातही मागच्या खोलीत, मशीनवर बसे. गिऱ्हाइकांसमोर जायचे म्हटले की ती ओढणी आणखी वर ओढून घेई.

सात महिने ती न चुकता आली. डॉक्टरांनी दिलेले रेटिनॉल ती ठरलेल्या वारी घरी लावी आणि सकाळी कामावर जाताना ताईंकडून व्हिटॅमिन सी आणि सनस्क्रीन लावून घेई. डाग फिके होत गेले. एके दिवशी ती ओढणी गळ्यात टाकून आली. ताईंनी पाहिले आणि नेहमीसारखी सनस्क्रीनची बाटली उचलली. मला तोंड असते, तर मी मोठ्याने वाहवा केली असती!

मागच्या आठवड्यात ती धावतच आली. "ताई! मालकीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी नव्या दुकानात पुढे काउंटरवर मी बसायचं. मापं घ्यायला. मी!"

"मग बस की," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे मात्र पाणावले होते.

आणि आता मित्रांनो, मला लाज वाटावी अशी गोष्ट सांगते.

तेरवा ताईंना दोन दिवस बहिणीकडे जावे लागले. पार्लर बंद होते. ताईंच्या सासऱ्यांना, म्हणजे आजोबांना, रिकामे बसवत नाही. चाळीस वर्षे त्यांनी एक गोदाम सांभाळले. घरातले डबे, चपला, नातवंडांची पुस्तके, सगळे ते उंचीप्रमाणे लावतात. जेवायला बसलेली माणसेही उंचीप्रमाणे बसावीत, असे त्यांना मनातून वाटत असावे. ते फडके घेऊन आत आले आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे काय! बुटक्याशेजारी उंच, उंचाशेजारी बुटका! गोदामात असा माल लावला असता, तर साहेबांनी मलाच उचलून फळीवर ठेवलं असतं."

त्यांनी एकेक बाटली पुसली आणि शाळेच्या फोटोसारखी रांग लावली. उंच त्या वर, बुटक्या त्या खाली. मी ओरडायला हवे होते. पण खरे सांगते, समोरच्या आरशात मी स्वतःला पाहिले आणि मला आवडले. इतकी देखणी मी कधीच दिसले नव्हते. पहिल्यांदाच लोक माझ्याकडे बघतील, असे वाटले.

काल सकाळी ताई आल्या तेव्हा टाचणी दारातच उभी होती. तिला उशीर होत होता. ताईंनी नेहमीसारखा हात घातला. वर डावीकडून तिसरी. तीच तपकिरी काच, तसाच ड्रॉपर. पण आत ॲसिड होते. आणि टाचणीने आदल्या संध्याकाळी रेटिनॉल लावलेले होते.

"ताई, आज जरा जास्तच चुरचुरतंय."

"चुरचुरतं गं थोडं. सोस दोन मिनिटं."

मला माहीत होते. लाकडाला बाटलीचे वजन कळते. पण लाकडाला बोलता येत नाही.

तीन वाजता ती परत आली. ओढणी डोळ्यांपर्यंत. ताईंनी ती हळूच बाजूला केली. दोन्ही गाल लालभडक, सुजलेले, जागोजागी साल निघालेली. ताईंनी बाटली उचलली, लेबल वाचले आणि त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. मग उठल्या, गार पाण्याने तिचा चेहरा धुतला, साधे मॉइश्चरायझर हलक्या बोटांनी लावले आणि डॉक्टरांना फोन केला.

"सगळं बंद करायला सांगितलंय," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "त्वचा शांत होईपर्यंत काही म्हणजे काही नाही. फक्त हे साधं. उद्या बारा वाजता दाखवायला बोलावलंय. मात्र ऊन अजिबात लागता कामा नये. लागलं तर डाग पहिल्यापेक्षा काळे पडतील."

"बारा वाजता बाहेर पडू आणि ऊन लागू द्यायचं नाही?" टाचणी म्हणाली. "नकोच ते, ताई. मी घरातच बसते. मालकीणबाई दुसऱ्या कुणाला बसवतील पुढे. मी आपली मागच्या खोलीतच बरी."

आजोबा वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसले होते. त्यांनी घडी घातली. "त्या बाटल्या मी हलवल्या," ते म्हणाले. "उंचीप्रमाणे."

ताईंनी ती बाटली पुन्हा हातात घेतली.

"हलवल्या तुम्ही बाबा," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण वाचलं नाही मी. हात माझा होता. आणि हिला चुरचुरलं, तेव्हाही थांबले नाही."

टाचणी रडता रडता हसली. "म्हणजे माझं तोंड आजोबांच्या शिस्तीनं भाजलं!"

आजोबा मात्र हसले नाहीत. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "पोरी, उद्या पावणेबाराला मी तुझ्या दारात येतो. माझी मोठी छत्री आहे. तुझ्या उंबऱ्यापासून डॉक्टरांच्या उंबऱ्यापर्यंत तुझ्यावर ऊन पडू देणार नाही. शब्द देतो."

"आजोबा, तुमचे गुडघे दुखतात."

"छत्री हातात धरतात. गुडघ्यात नाही."

ती उठली. ओढणी सारखी करून निघून गेली. येते म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही.

आज सकाळी ताईंनी मला रिकामी केली. आजोबांनी प्रत्येक लेबल मोठ्याने वाचून बाटली हातात दिली आणि ताईंनी ती तिच्या जागी ठेवली. वरचे वर, खालचे खाली. मी पुन्हा पूर्वीसारखी ओबडधोबड दिसू लागले. एक उंच, एक बुटकी, मध्ये मोकळी जागा. आणि मला पुन्हा माझा अभिमान वाटू लागला. देखणेपणाचा नव्हे. जे वेगळे राहायला हवे, ते वेगळे ठेवण्याचा.

मित्रांनो, तुमच्या वयाला यातल्या तापट बाटल्यांची गरजच नाही. स्वच्छ पाणी, सौम्य साबण आणि उन्हात सनस्क्रीन, एवढे पुष्कळ झाले. पण पुढे कधी गरज पडली, तर घाई करू नका. एका वेळी एकीलाच घरात घ्या, तिचा स्वभाव कळू द्या, मगच दुसरीला बोलवा. चेहरा आग होते म्हणत असेल, तर त्याचे ऐका. डॉक्टरांना विचारा. आणि हात कितीही सवयीचा असो, बाटलीवरचे नाव रोज वाचा. माझ्यावरसुद्धा विसंबू नका. मी शेवटी लाकूडच.

आता साडेअकरा वाजले आहेत. ताई एका गिऱ्हाइकाच्या कानामागे थेंब लावून बघत आहेत. आजोबांनी त्यांना हाक मारली नाही. खुंटीवरून काळी मोठी छत्री काढली, एकदा उघडून काड्या तपासल्या, पुन्हा मिटली. गुडघ्यावर हात टेकून ते पायरी उतरले. काचेच्या दारातून मला ते दिसत आहेत. भर उन्हात, टाचणीसाठी घेतलेली छत्री काखेत तशीच मिटलेली ठेवून, ते तिच्या घराकडे चालू लागले.