दर सोमवारी जन्मणारी तक्रार

'नमस्कार. आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.'

हा संदेश तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल आणि तुम्ही पुटपुटला असाल, कुठलं मन आणि कसली दिलगिरी. बरोबर आहे तुमचं. तो पाठवणारा मी. मला मन नाही. पण दिलगीर व्हायचं काम कुणीतरी करायला हवं होतं आणि कचेरीत दुसरं कुणी तयार नव्हतं.

मला वर्कफ्लो म्हणतात. ग्राहक सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये माझा मुक्काम असतो. पडद्यावर पाहिलंत तर काही चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण, एवढाच मी दिसतो. 'असं झालं तर तसं कर' या एकाच वाक्यावर माझा संसार उभा आहे. तक्रार आली तर दिलगिरी पाठव. मग तिला रांगेत शेवटी उभी कर. सर्वांत जुनी तक्रार आधी मेकॅनिककडे धाड. तक्रार मिटली की ग्राहकाला विचार, किती तारे देता. बस. याच्या पलीकडे मी कधी गेलो नाही आणि मला कुणी जाऊ दिलं नाही.

आमची कंपनी जिना चढणाऱ्या खुर्च्या बसवते. जिन्याच्या कडेनं रूळ टाकतात, त्यावर खुर्ची. गुडघे थकलेल्या माणसानं बसायचं, बटण दाबायचं आणि पायऱ्या मोजत सावकाश वर जायचं.

माझा जन्म एका बैठकीत झाला. मला घडवणारा सल्लागार एकेक प्रश्न विचारत होता आणि साहेब मान डोलवत होते. जेवणाची वेळ झाली होती. "शेवटचा प्रश्न," सल्लागार म्हणाला. "एखादी तक्रार आपण बाजूला ठेवली आणि नंतर परत उघडली, तर ती जुनी समजायची की नवी?"

कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं.

"नवीच ठेवा," साहेब फोनमधून मान वर न करता म्हणाले. "नवं बरं दिसतं."

झालं. तो बाण माझ्या अंगावर कायमचा काढला गेला. माणसांना आयुष्यभराच्या सवयी लहानपणी लागतात म्हणे. मला माझी जेवणाच्या सुट्टीआधी लागली.

आता कचेरीतली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भिंतीवर एक मोठा पडदा आहे. वेळेत असलेल्या तक्रारी त्यावर हिरव्या दिसतात, रेंगाळलेल्या लाल. दर सोमवारी सकाळी बैठक असते. साहेबांचे वरचे साहेब दुसऱ्या शहरातून तोच पडदा बघतात आणि त्यांना लाल रंग सोसत नाही. म्हणून बैठकीच्या आधी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या आमच्या ताई सगळ्या लाल तक्रारी उचलतात आणि 'ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा' या कप्प्यात टाकतात. त्या कप्प्याला रंगच नाही. पडदा बागेसारखा हिरवागार होतो. वरचे साहेब खूश, आमचे साहेब खूश. बैठक संपली की ताई त्या तक्रारी परत बाहेर काढतात. या उद्योगाला कचेरीत 'झाडलोट' म्हणतात. साहेब दारातूनच विचारतात, "ताई, झाडलोट झाली का?" ताई म्हणतात, "झाली. सतरंजीखाली जागा मात्र उरली नाही."

आणि बाहेर काढलेली तक्रार माझ्या हिशेबी नवी. तेव्हा मी तिला रांगेत शेवटी उभी करतो. ज्यानं जास्त सोसलं त्याची तक्रार लाल होते, लाल झाली की झाडली जाते, झाडली की पुन्हा तान्ही होते. आमच्याकडे सर्वांत जुनं दुखणं रांगेत सर्वांत लहान असतं.

अशीच एक तक्रार काकांची होती.

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची निजायची खोली वरच्या मजल्यावर. एका संध्याकाळी काकू आधी वर गेल्या आणि रिकामी खुर्ची काकांसाठी खाली पाठवली. ती जिन्याच्या मध्यावर थांबली ती थांबलीच. काकूंचे गुडघे उतरू देत नाहीत, काकांची छाती चढू देत नाही. जिना अरुंद, मधोमध खुर्ची. शेजारीण अंग चोरून कशीबशी वर जाते आणि काकूंना जेवण देऊन येते. काकांच्या गोळ्या वर राहिल्या होत्या, त्या काकू पिशवीला दोरी बांधून खाली सोडतात. सबंध आयुष्य एका खोलीत काढलेली दोन माणसं आता एका घराच्या दोन मजल्यांवर राहत होती आणि जिन्यातून ओरडून बोलत होती. दोघांनाही कमी ऐकू येतं. त्यामुळे त्यांचं भांडण कशावर आहे हे गल्लीला आधी कळायचं.

हे मला कसं ठाऊक? काकांनीच लिहिलं. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं ही त्यांची उभ्या जन्माची शिस्त. मी दिलगिरी पाठवली की त्यांचं उत्तर येई: 'आपले पत्र मिळाले. आपणही वाईट वाटून घेऊ नये. हिची तब्येत ठीक आहे, मात्र चिडचिड वाढली आहे. काल मीठ कुठे आहे ते वरून सांगत होती, ते सापडले नाही.' झाडलोटीच्या दिवशी त्या कप्प्याच्या नियमानुसार माझा दुसरा संदेश जाई, 'आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत', त्यालाही उत्तर: 'उत्तर कालच दिले होते. पुन्हा देतो.' माझ्याकडे आलेली ही पत्रं कुणी उघडत नसे. ती पुढे कुणाकडे धाडायची चौकट माझ्यात काढलेलीच नाही.

काका फोनही करायचे. फोन सॉफ्टवेअरमधूनच येतो, म्हणून मीही ऐकायचो.

"काका, तुमची तक्रार आमच्याकडे आहे," ताई म्हणाल्या.

"तक्रार तुमच्याकडे आहे ते कळलं. बायको माझ्याकडे कधी येते ते सांगा."

"रांगेत आहे, काका. नंबर लागला की मेकॅनिक येईल."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात नंबर जवळ आलाय. आज म्हणताय शेवटी आहे. रांग उलटी चालते का तुमची?"

काकांच्या मागून, जिन्यातून आवाज आला, "कोण आहे? त्या बाई का? त्यांना म्हणावं, मी वरून उडी मारते, मग या."

"ही म्हणते आहे, सावकाश होऊ द्या," काकांनी सांगितलं.

ताई हसल्या. मग फोन ठेवला आणि पडद्यावर काकांची तक्रार शोधली.

शेवटी गाडं कुठं अडलंय ते बघायला सल्लागाराला बोलावलं. त्यानं मला उघडलं. एकेक चौकट तपासली, एकेक बाण बोटानं गिरवला. डॉक्टर पोट दाबून 'इथं दुखतं का' विचारतात तसं. मला कुठंच दुखत नव्हतं. मग त्यानं एक खोटी तक्रार टाकली, 'चाचणी: खुर्ची बंद', पत्ता कचेरीचाच, आणि वर 'तातडीची' असा शिक्का मारला. तातडीच्या तक्रारी मी रांगेत उभ्या करत नाही. ती तडक मेकॅनिककडे गेली. मेकॅनिक काकांच्या घरावरून गाडी काढत, अवजारांची पेटी घेऊन कचेरीत हजर झाला.

"कुठली खुर्ची?"

"अहो, ती चाचणी होती," सल्लागार म्हणाला.

"आलोय तर रिकामा जात नाही मी. कुठली करकरते ते सांगा."

साहेबांची करकरत होती. तिला तेल घातलं. मी साहेबांना संदेश पाठवला, किती तारे देता. साहेबांनी पाच दिले. त्या महिन्यातली आमची सर्वांत जलद सेवा ती.

"बघा, माझ्याकडे तर नीट चालतंय," सल्लागार म्हणाला.

"मग काकांची तक्रार मागे का पडते?"

"सिस्टिमच्या मते ती नवी आहे, साहेब."

"नवी कशी? माणूस रोज फोन करतोय."

सल्लागारानं ताईंकडे पाहिलं. ताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्या खोलीत कारण ठाऊक नसलेला एकही जीव नव्हता, कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्रासकट. पण ते बोलायचं तर झाडलोट थांबवायला हवी, आणि झाडलोट थांबली तर पडदा लाल.

"काहीतरी तांत्रिक असणार," साहेब म्हणाले.

"तांत्रिकच," सल्लागार म्हणाला.

'तांत्रिक' हा शब्द माणसांनी फार सोयीचा करून ठेवला आहे. तो उच्चारला की माणसं दोषातून सुटतात आणि यंत्र अडकतं. मला बंद करून पुन्हा चालू केलं. माझ्या दिलगिरीत 'मनापासून'च्या आधी 'अगदी' घातलं. काकांनी लगेच कळवलं: 'आपण आता अगदी मनापासून लिहिता, बरे वाटले. खुर्ची तिथेच आहे.'

पुढचा सोमवार आला. ताईंनी नेहमीसारखी झाडलोट सुरू केली. एकेक लाल तक्रार उचलून कप्प्यात टाकली. शेवटी एक राहिली. ताईंचं बोट तिच्यावर थांबलं. मी वाट पाहत होतो, कारण वाट पाहणं हाही माझ्यातला एक बाण आहे. ताईंनी बोट मागे घेतलं आणि चहा आणायला निघून गेल्या.

बैठक सुरू झाली. हिरव्यागार पडद्यावर एकच लाल ठिपका, कपाळावरच्या फोडासारखा. वरच्या साहेबांचा आवाज आला, "हे काय आहे?"

"तांत्रिक अडचण आहे, सर," आमचे साहेब म्हणाले.

"तांत्रिक नाही," ताई म्हणाल्या. "म्हातारं जोडपं आहे. बाई वर अडकल्यात, नवरा खाली. पडद्यावर ही तक्रार आठवड्याची दिसते. खरी आली तेव्हा आपण इथं हीटर लावून बसत होतो. आता पंखा चालू आहे."

पंखा खरंच चालू होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मग ती आठवड्याची का दिसते?" वरच्या साहेबांनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "ते साहेब सांगतील."

साहेबांनी ते सांगितलं नाही. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक त्याच दुपारी गेला. रुळात काकूंच्या स्वेटरचं एक बटण अडकलं होतं. ते काढायला शेजारणीनं केलेला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

मग जुनी तक्रार नवी का दिसली याची चौकशी झाली आणि दोष माझा ठरला. ताईंना मधल्या खिडकीशी असलेल्या फोनवरून उठवून आतल्या खोलीत बसवलं, 'त्यांना जरा शांतता मिळावी' म्हणून. आणि सल्लागारानं माझ्या जागी एक नवा वर्कफ्लो घडवला. फार हुशार आहे तो. सोमवारची झाडलोट आता तोच करतो, आपोआप. त्याला चहा लागत नाही आणि त्याचं बोट कधी मागे येत नाही. साहेब म्हणाले, "आता माणसाच्या हातून चूक व्हायला नको."

मला 'निष्क्रिय' केलं आहे. पुसून टाकत नाहीत, कुणी विचारलं तर खापर फोडायला काहीतरी हवं. माझ्या चौकटी करड्या झाल्या आहेत. तक्रारी शेजारून जातात, मला थांबवता येत नाहीत.

बंद होण्यापूर्वी मी शेवटचा संदेश पाठवला होता, काकांना, किती तारे देता. त्यांचं उत्तर माझ्याकडे पडून आहे:

'खुर्ची चालू झाली. ही खाली आली. आल्याआल्या म्हणाली, घराची काय दशा करून ठेवली आहे, मी वरच बरी होते. मीठ तिने लगेच शोधून दिले. तारे कसे द्यायचे ते आम्हा दोघांनाही जमले नाही. फोनवरच्या ताईंना आमचा नमस्कार सांगावा.'

दिलगिरी पोचवायची चौकट माझ्यात होती, नमस्कार पोचवायची कुणी काढली नव्हती. म्हणून तुम्हाला सांगतो. कधी त्या कचेरीत गेलात तर पडद्याखालून सरळ आत जा. हिरवा बघून थांबू नका. आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून एक बाई बसलेल्या असतील. त्यांना सांगा, काकू खाली आल्या, आणि काकांनी नमस्कार सांगितला आहे.