पळीवरची खाच

गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर शनिवारी सकाळी आठ वाजता एवढं सामान होतं: हबर्ड जातीचे पाच निळसर भोपळे, वजनं साडेबावीस, चोवीस, पंचवीस, सत्तावीस आणि एकोणतीस पौंड, वीस पौंड बटाटे, बारा पौंड पिवळे सलगम, त्यातले दोन किडके, गाजरं मोजून साठ, कांदे चाळीस, रात्रभर भिजवलेला ठिपक्यांचा घेवडा एक बादली, लोण्याच्या चार वड्या आणि सेज नावाच्या सुवासिक पाल्याची एक वाळवलेली जुडी. खाली जमिनीवर बारा गॅलनचं रिकामं पातेलं. आणि पातेल्यासमोर, बायकोचा जुना एप्रन बांधून, एव्हर्ड वेंट्झेल.

एव्हर्डचं वय त्रेसष्ट. चौतीस वर्षं त्याने गावातली शाळेची बस चालवली होती, त्यामुळे चाळिशीच्या आतलं सगळं गाव त्याला मागून ओळखत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी मांस बंद केलं. घरी त्याचं काही अडलं नाही. अडलं ते ऑक्टोबरातल्या हॉलच्या जेवणाला. तिथे तीन पातेली शिजायची आणि तिन्हीत गोमांस. पहिल्या वर्षी तो पाव आणि काकडीचं लोणचं घेऊन बसला. पंगतीत अकरा जणांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या वर्षी तो दहा मिनिटांत उठून घरी गेला. गाव वर्षातून एकदाच एका पातेल्यातलं जेवतं, आणि त्या दिवशी आपण लोणचं खात बसायचं, हे त्याला आजारपणापेक्षा जड गेलं होतं.

म्हणून या वर्षी त्याने एक पातेलं मागून घेतलं. पुरुषाने पातेलं मागायची गावात रीत नव्हती. पुरुषांनी टेबलं लावायची, सलगम सोलायचे, बाहेर उभं राहून हवामानावर बोलायचं.

"देते," त्याची भावजय ब्यूला म्हणाली होती. स्वयंपाकघर तिच्या हाताखाली. "पण पळीचा नियम तुलाही लागू. रडायचं नाही."

पळीचा नियम सगळ्यांना पाठ होता. हॉलमध्ये कुठल्या पदार्थाला नावं ठेवायची नाहीत, त्यावर मतदान घ्यायचं नाही. जेवणं उरकली की प्रत्येक पातेल्यात लांब लाकडी पळी उभी करायची. पळीला तळापासून चार इंचांवर एक खाच होती. उरलेलं खाचेच्या वर आलं तर तो पदार्थ पुढच्या वर्षी नाही. या नियमाने आजवर मक्याचं सूप गेलं होतं, माशाचा रस्सा गेला होता आणि खुद्द ब्यूलाची कोबीची खीरही गेली होती. त्या खिरीचा विषय मात्र कोणी काढत नसे.

"हे एवढाले कसे रे झाले यंदा?" ब्यूलाने एकोणतीस पौंडी भोपळ्यावर थाप मारली.

"घरचं बी," एव्हर्ड म्हणाला. "गेल्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या भोपळ्याचं धरलं. तो पंधरा पौंडांचा होता. खत लागू पडलं म्हणायचं."

"चिरून पाहिलास एखादा?"

"छे! महिनाभर कोठीत मुरल्याशिवाय हबर्डला सुरी लावायची नसते. तुला माहीत नाही होय?"

हबर्ड सुरीने चिरत नाहीत, फोडतात. त्याचं कवच लाकडासारखं असतं. एव्हर्डने पहिला भोपळा गोणपाटात घातला, मागच्या दाराशी नेला, डोक्याइतक्या उंचीवर उचलला आणि दगडी पायरीवर सोडला. असा भोपळा फुटताना फळी मोडल्यासारखा आवाज येतो. या वेळी आवाज आला तो ओला टॉवेल पडावा तसा.

त्याने गोणपाट उघडलं. आतला गर गडद केशरी हवा होता, निघाला फिकट पिवळा. कडेने पाणी ओघळत होतं. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. काकडीला निदान काकडीची चव असते.

दुसरा फोडला. तसाच. पाचही तसेच.

हबर्डचा गर कोरडा, पिठूळ असतो. शिजला की विरघळतो आणि सगळ्या रश्श्याला दाटपणा, अंग देतो. मांस नसलेल्या पातेल्यात पोट भरल्यासारखं वाटायला लावणारी गोष्ट तीच होती, आणि एव्हर्डचा सगळा भरवसा तिच्यावर होता. हा असा गर घातला तर बारा गॅलन कोमट पाण्यात गाजरं पोहतील. आणि संध्याकाळी साडेचारला पहिली पंगत.

तेवढ्यात पुढच्या अंगणातून एलवूडचा आवाज आला. एलवूड म्हणजे एव्हर्डचा थोरला भाऊ, ब्यूलाचा नवरा. तो दरवर्षी स्पर्धेसाठी एकच राक्षसी भोपळा वाढवायचा. यंदाचा अकराशे सहा पौंडांचा भरला होता आणि तो हॉलच्या व्हरांड्यात, लाकडी फळ्यांवर, खाली जुनी गादी घालून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला एलवूड त्याचा घेर सांगत होता.

एव्हर्ड तुकडा हातात घेऊन पुढे व्हरांड्यात आला आणि त्या भोपळ्याकडे बघत राहिला. मग हातातल्या फिकट तुकड्याकडे. मग परत भोपळ्याकडे. रंग तोच होता.

"एलवूड," तो म्हणाला, "गेल्या वर्षी तुझा वेल माझ्या कुंपणापासून किती लांब होता?"

"असेल दोनशे पावलं. का?"

"फुलं कशी फळवलीस?"

"हातानेच. मादीफुलाला आदल्या संध्याकाळी जाळी बांधायची, सकाळी निवडलेलं नरफूल आणून फिरवायचं, परत जाळी. भलत्याचा पराग चालत नाही आपल्याला. घराण्याचा प्रश्न आहे."

"आणि बाकीची नरफुलं?"

"त्यांचं काय? ती असतात वेलावर."

"उघडी?"

एलवूडने टोपी मागे सारली. एव्हर्डने तुकडा त्याच्या हातात ठेवला. एलवूडने तो चावला, थांबला, आणि व्हरांड्याच्या कठड्यावरून थुंकला.

"हा तर माझ्याकडचा," तो म्हणाला.

"तुझ्या घराण्याचा! स्वतःच्या मादीफुलांना पडदा, आणि तुझी नरफुलं गावभर उंडारायला मोकळी. मधमाश्यांनी आणून टाकलं माझ्या दारात."

"माझं फूल उंडारलं असेल, पण बी तू धरलंस. पंधरा पौंडी हबर्डच्या पोटी एकोणतीस पौंडी पोरं झाली तेव्हा कळलं नाही? नातेवाईक ओळखू येत नाहीत तुला?"

"मला वाटलं, खत!"

"खत," एलवूड म्हणाला. हसू आवरायचा त्याने प्रयत्न केला, जमला नाही. एव्हर्डला मात्र हसू आलं नाही. तो पायरीवर बसला आणि त्याने एप्रनची गाठ सोडली. ते पाहून एलवूडचं हसणं थांबलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाऊ असाच बसला होता, हे त्याला आठवलं.

ब्यूला दारात आली. "बाजारातून आणायचे का भोपळे?"

"पातेल्यात गावच्या मातीबाहेरचं घालायचं नाही," एव्हर्ड म्हणाला. "आणि पळी सगळ्यांना सारखी. तूच म्हणालीस."

"मग भट्टीत भाजून पाणी काढ."

"दोन्ही भट्ट्या तुझ्या पावांना लागणार. नव्वद पौंड गर आहे, ब्यूला. त्यातलं दोन तृतीयांश तरी पाणी जायला हवं. ताटलीभर जागेत कसं जाणार? पसरायला हवं."

'पसरायला' म्हटल्यावर एलवूड वळला. ट्रकमध्ये बसला आणि निघून गेला.

"पळाला," ब्यूला म्हणाली. "सदतीस वर्षं बघतेय."

पण पंचवीस मिनिटांनी तो परत आला. ट्रकमध्ये मेपलच्या झाडाचा गोड रस आटवायची त्याची पसरट कढई होती: दोन फूट रुंद, चार फूट लांब, खोली जेमतेम वीतभर. सोबत विटा, ढवळायला होडीची दोन वल्ही आणि वाळलेली मेपलची लाकडं.

"मार्चमध्ये चाळीस गॅलन रसाचा एक गॅलन पाक करतो मी हिच्यात," तो म्हणाला. "तुझं हे काय, किरकोळ."

मागच्या अंगणात विटा मांडल्या, आग पेटवली. गर वाफवून, चेपून कढईत ओतला तेव्हा बोटभर थर झाला. पावणेदहा वाजले होते. पहिला तासभर नुसती वाफ निघत होती. मग गर घट्ट होऊ लागला आणि कढईतून गोळ्या झाडाव्यात तसे थेंब उडायला लागले. दोघे भाऊ दोन टोकांना उभे राहून होडीची वल्ही फिरवत होते. एव्हर्डच्या मनगटावर तीन फोड आले, एलवूडच्या मानेवर एक.

"तळ खरवड. तुझ्या बाजूला लागतंय."

"माझ्या नाही, तुझ्या. चौतीस वर्षं आरशात बघून गाडी चालवलीस, समोरचं दिसत नाही अजून."

साडेअकराला एव्हर्डने चव घेतली. गोडसर, पण पोकळ. साडेबाराला गराचा रंग बदलला, कडांना तांबूस छटा आली. सव्वाला वल्ह्यावरून गर ओघळेनासा झाला. वजन केलं: एकतीस पौंड.

एव्हर्डने पुन्हा चव घेतली आणि यावेळी डोळे मिटले. भाजलेल्या रताळ्यासारखं काहीतरी लागत होतं. हबर्ड नव्हे, पण पाणीही नव्हे.

"काय?" एलवूडने विचारलं.

"अंग आलंय. चव अजून एकाच पायावर उभी आहे."

लोण्यात कांदे परतले, सेज चुरडून टाकली. सलगम, गाजरं, बटाटे, शिजलेला घेवडा आणि शेवटी गर. पातेलं खदखदू लागलं. तीन वाजता झ्विकरबाई आल्या. वय अठ्ठ्याऐंशी. पळीवरची खाच त्यांच्याच नवऱ्याने कोरली होती. त्या कोणाला न विचारता थेट पातेल्यापाशी गेल्या आणि त्यांनी चमचा बुडवला.

"बसवाला स्वयंपाक करतोय म्हणे," त्या म्हणाल्या. घास चघळला. "गोड झालंय रे."

"भोपळा बिघडला, झ्विकरबाई. आटवून गोड झाला."

"मग रडतोस काय? माझ्या कोठीत आंबवलेल्या कोबीचा घडा आहे. पाण्यासकट घेऊन ये."

"पाण्यासकट?"

"पाण्यातच तर सगळं असतं. शाळेत नुसती पोरं पोचवलीस, आत कधी बसला नाहीस वाटतं."

कोबी आला. एव्हर्डने वाटीवाटीने घातला, प्रत्येक वाटीनंतर चाखत. तिसऱ्या वाटीला तो थांबला. एलवूड म्हणाला, अजून एक. ब्यूला म्हणाली, पुरे. त्याने अर्धी घातली.

चार वाजून पाच मिनिटांनी मळून ठेवलेल्या पिठाचे गोळे रश्श्यावर सोडले, एकूण बहात्तर, आणि झाकण ठेवलं. त्यानंतर पंधरा मिनिटं झाकणाला हात लावायचा नसतो. वाफ गेली की गोळे बसतात आणि मग दगड खाल्लेले बरे. एलवूडचा हात दोनदा झाकणाकडे गेला. दुसऱ्यांदा ब्यूलाने त्यावर टॉवेल मारला.

"अकराशे पौंडांच्या भोपळ्याला चार महिने थांबतोस, आणि इथे पाव तास निघत नाही?"

साडेचारला दारं उघडली. एव्हर्ड वाढायला उभा राहिला. पहिली वीस माणसं सरळ गोमांसाच्या पातेल्यांकडे गेली. त्याने वाढायचा डाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग दुधाचा टँकर चालवणारी एक बाई वाडगा पुढे करत म्हणाली, "एव्हर्ड, घाल बाबा. तुझ्या बसमध्ये मी एकदा उलटी केली होती, तेवढं तरी देणं लागते." तिने उभ्याउभ्याच पहिला घास घेतला, आणि लगेच म्हणाली, "आमच्या यांनाही एक दे."

नंतर किती वाडगे गेले हे एव्हर्डने मोजायचं ठरवलं होतं, पण चाळिसाच्या पुढे त्याचा हिशेब चुकला. सहाच्या पंगतीला ब्यूलाने त्याच्या हातातून डाव काढून घेतला. "जा, बस. मी वाढते."

तो भरलेला वाडगा घेऊन मधल्या लांब टेबलाशी बसला. डावीकडे झ्विकरबाई होत्या, उजवीकडे चार खुर्च्या भरून एक कुटुंब. मीठ इकडून तिकडे गेलं. लोणी कोणीतरी अडवून धरलं होतं. तब्येतीचं कोणीच विचारलं नाही. त्याने वाडगा संपवला, पावाने पुसला आणि उठून दुसरा घेतला.

खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. एलवूड विझत्या विटांपाशी एकटाच उभा होता आणि कढईच्या कडांना चिकटलेली तांबूस खरवड पावाच्या तुकड्याने काढून खात होता. मान खाली घालून, अगदी कोपऱ्यापर्यंत.

सव्वासातला टेबलं मिटली. ब्यूलाने तिन्ही पातेली ओळीने मांडली, एव्हर्डचं शेवटचं. बायका हात पुसत जमल्या. एलवूड दारात येऊन थांबला. झ्विकरबाईंनी चष्मा चढवला. पहिली दोन मोजून झाल्यावर ब्यूलाने पळी धुऊन कोरडी केली, एव्हर्डच्या पातेल्यात सरळ उभी केली, पाच अंक मोजले आणि बाहेर काढली.

खाच चार इंचांवर होती. ओली रेघ सव्वा इंचावर.