चार कोपरे, दोन माणसं

मी एक साचा बोलतोय. बाजारातल्या पाटीवर ‘केकचा साचा’ लिहिलं होतं, म्हणून घरातले मला आजही केकचा साचाच म्हणतात. आयुष्यात मी एकही केक पाहिलेला नाही. पण एकदा नाव देऊन टाकलं की पुन्हा विचार करायचा माणसांना कंटाळा. त्याला मी काय करणार?

पत्र्याच्या कारखान्यात यंत्राच्या एका दणक्यात माझा जन्म झाला. लांबट, खोलगट, वीतभराहून थोडा मोठा. इटलीतल्या बोलोन्याच्या शनिवारच्या बाजारात एर्मेस नावाच्या म्हाताऱ्याने मला उचललं, उलटं करून बुडाशी टिचकी मारली आणि पंजा पसरून माझी लांबी पाहिली. जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. कुठे काय मावेल हे त्याला नजरेनेच कळायचं. “दोघांना पुरेल,” तो स्वतःशीच म्हणाला. त्या क्षणी मला कळलं, आपण कशासाठी जन्मलो ते. दोघांच्या लझान्यासाठी, म्हणजे पास्त्याच्या पोळीचे थर रचून भाजतात त्यासाठी.

घरी पोचलो आणि पहिल्याच मिनिटाला माझा पाणउतारा झाला.

एर्मेसची बायको इओले. आमच्या बोलोन्यात बाईची पोळी अंड्यांवर मोजतात. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, हा हिशोब आणि जिची पोळी जास्त अंड्यांची तिचा मान जास्त. इओले म्हणजे दहा अंड्यांची बाई. टेबल झाकून टाकणारी फळी, काठीएवढं लांब लाटणं आणि त्याखाली पालकाने हिरवीगार झालेली, वर्तमानपत्रावर ठेवली तर अक्षरं दिसतील इतकी पातळ पोळी. तिने मला पाहिलं. मग नवऱ्याला पाहिलं.

“भातुकली मांडायचीय का?”

एर्मेस म्हणाला, “दोघंच तर असतो आपण.”

“दोघंच कसे? लॉरिस येतो.”

सगळं दुखणं इथेच होतं. लॉरिस हा यांचा मुलगा, पन्नाशीला आलेला, बायको-मुलीसह मिलानला राहणारा. मिलान म्हणजे वेगवान गाडीने तासाभराचा रस्ता. तेवढ्यात खिम्याचा रागू धड रटरटतही नाही. पण हा येतो म्हणायचा आणि यायचा नाही. इओले मात्र दर रविवारी बारा माणसांचं थोरलं भांडं काढायची. एकेकाळी या टेबलाशी सासू-सासरे, दीर-नणंदा, पोरंटोरं मिळून खरंच बारा जण बसत. त्यातले काही वारले, काही पांगले. इओलेची पोळी मात्र दहा अंड्यांचीच राहिली.

मला तिने काय केलं माहीत आहे? कपड्यांचे चिमटे ठेवले माझ्यात. एका कर्तबगार साच्यात, चिमटे. त्यातल्या दोघांच्या तर स्प्रिंगाही तुटलेल्या होत्या.

फडताळावरून मी दर रविवारी तोच तमाशा बघत बसायचो. सकाळी पोळी लाटून व्हायची, उकळत्या पाण्यातून काढून कापडावर पसरायची. मग एक थर पोळी, एक थर रागू, एक थर पांढरा सॉस, वर किसलेलं पार्मिजानो चीज, असं करत थोरलं भांडं काठोकाठ भरायचं. बारा वाजता ओव्हनमध्ये. साडेबाराला एर्मेस टेबलाशी. एकला तो म्हणायचा, “वाढतेस का?” ती म्हणायची, “थांब, येतील.” लझान्या आत वाळत जायचा. दीडला फोन वाजायचा. लॉरिसला काम निघालेलं असायचं, नाहीतर सुनेचं, कात्याचं, डोकं दुखत असायचं, नाहीतर नातीची, विओलाची, कसलीशी स्पर्धा. मग दोघं वाळका लझान्या खायला बसायचे, आणि तोच गुरुवारपर्यंत पुरायचा. फ्रिजचा वरचा कप्पा तर चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या विटांनी भरला होता. वरच्या मजल्यावरची नॉर्मा जिन्यात इओलेची गाठ पडली की म्हणायची, “माझ्यासाठी नको आता बाई, माझ्याकडची भिंत बांधून झाली.”

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, मी इथे आहे. पण चिमटे भरलेल्या तोंडाने काय ओरडणार?

अजून एक गोष्ट मी तिथून पाहिली. लझान्याचा जीव कोपऱ्यात असतो. तिथे पोळीच्या कडा वर येतात, भाजून कुरकुरीत होतात, सॉस करपून गोडसर लागतो. थोरल्या भांड्याला कोपरे चार, आणि तोंडं बारा. ते चार कोपरे कधी मुलांना गेले, कधी सासऱ्यांना, कधी पाहुण्यांना. आता तर इओले ते लॉरिससाठी राखून ठेवायची, गुंडाळून फ्रिजमध्ये. स्वतः मधला ओला तुकडा खायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, मला मधलाच आवडतो. या देशात इतक्या आया मधलाच तुकडा कसा काय आवडून घेतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

मार्चमधल्या एका रविवारी फोन दीडलाही आला नाही. पावणेदोन झाले. एर्मेसने हातरुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला आणि उठला.

“इओले, मी या घरात जेवायला राहतो की वाट बघायला?”

त्याने टोपी घातली आणि कोपऱ्यावरच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जाऊन सॉसेज-पाव खाल्ला. नंतर नॉर्माने येऊन सांगितलं, हसत हसत, पण तिचंही हसू दरवाज्यातच संपलं. त्या दिवशी इओले बारा माणसांच्या लझान्यासमोर एकटी बसली आणि एक घासही न घेता भांडं झाकून ठेवलं.

पुढच्या रविवारीही एर्मेस बाहेर गेला. त्याच्या पुढच्याही. आठवडाभर दोघं नीट बोलायचे, औषधांची एकमेकांना आठवण करून द्यायचे. रविवारी मात्र बारा वाजता तो टोपी शोधायचा. लग्नाला पन्नास वर्षं झालेली माणसं अशी एका जेवणावरून तुटताना बघणं आणि आपण तीन हातांच्या अंतरावर चिमटे सांभाळत असणं, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

मग एका सकाळी इओलेने मला खाली काढलं. चिमटे टेबलावर ओतले. मला घासलं, तेही रागाने, जणू सगळा दोष माझाच. कपाटातून एक अंडं काढलं. ते हातात घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली. एका अंड्याची पोळी. शेजारणीला कळलं तर.

पण फोडलं तिने ते. मूठभर उकडलेला, पिळलेला पालक, शंभर ग्रॅम मैदा. त्या अवाढव्य फळीवर तो गोळा दिसेनासा झाला. लाटणं चार वेळा फिरलं आणि पोळी झालीही. “ही काय पोळी? मांजराचं पायपुसणं,” ती पुटपुटली. पण सुरीने माझ्या मापाच्या पट्ट्या कापताना तिचा हात थांबला. तुकडा फुकट गेला नाही, जोड द्यावी लागली नाही. एक पट्टी, एक थर, बरोबर काठाला काठ. रागू आदल्या दिवशीचा होता; पांढरा सॉस कपभर दुधात झाला. शेवटच्या थरावर पार्मिजानो. सकाळच्या तासाभरात सगळं आटोपलं. ती टेबलाशी नुसती बसून राहिली. रविवारी या वेळी रिकामं बसायची तिला सवयच नव्हती.

बाराला एर्मेस टोपी घ्यायला आला आणि ओव्हनच्या काचेतून मला पाहिलं. टोपी खुंटीवर परत गेली.

मी बाहेर आलो, रसरसलेला. जरा निवू द्यायला इओलेने मला फळकुटावर ठेवलं. आणि नेमकी तेव्हाच खालची बेल वाजली.

लॉरिस. कात्या. विओला. न कळवता. दारातूनच लॉरिस मोठ्याने म्हणाला, की आईला चकित करायचं ठरवलं होतं, आणि वासावरून कळतंय की चुकलो नाही. आत येऊन त्याने मला पाहिलं.

“हे काय? बाकीचा कुठाय?”

कपाटात थोरलं भांडं असेलच हसत. मला वाटलं, संपलं. आता माझे पाच तुकडे होणार, आणि इओले म्हणणार, मला भूक नाही. एर्मेसचा हात टेबलावर होता. त्याची बोटं टोपीकडे वळली, एवढं मला दिसलं.

इओलेनेही ती बोटं पाहिली.

“बाकीचा नाही,” ती म्हणाली. “हा दोघांचा आहे.”

“मग आम्ही काय खायचं, आई?”

“तीन माणसं, तीन अंडी. मैदा डब्यात, रागू भांड्यात उरलाय. लहानपणी फळीखाली बसून कच्चं पीठ खायचास, आता फळीसमोर उभा राहा. पोळीच्या लांब पट्ट्या, ताल्यातेल्ले, कापा जाडेभरडे.”

लॉरिस हसला, थट्टा समजून. मग कोणीच हसत नाही असं पाहून त्याने कोट काढला. कात्याने अंगठ्या काढून खिशात टाकल्या आणि हळूच म्हणाली, “बरं झालं. तुझ्या आईने हे आधीच करायला हवं होतं.”

इओले आणि एर्मेस बसले. गरम लझान्या, वेळेवर. मला मधोमध कापलं. आता बघा, थोरल्याला कोपरे चार, मलाही कोपरे चारच. पण माझ्यापाशी तोंडं दोन. प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन कोपरे गेले. इओलेने काटा उचलला तोच पिठाने माखलेला लॉरिस सवयीने वाकला आणि त्याचा काटा तिच्या ताटाकडे आला. तिने चमच्याने त्याच्या बोटांवर चापट दिली.

“कोपरा माझा,” ती म्हणाली.

कुरकुर असा आवाज झाला. तिने डोळे मिटले. एर्मेस तिच्याकडे बघत राहिला, स्वतःचं विसरून. मागे फळीवर तिच्या लेकाची पोळी तीन ठिकाणी फाटत होती, आणि तिने वळूनही पाहिलं नाही.

आता माझा काठ काळपटलाय, बुडाला सुरीचे ओरखडे आहेत. सोमवार ते शनिवार माझ्यात पुन्हा चिमटे असतात. बोलून काही उपयोग नाही. लॉरिस आता आदल्या दिवशी फोन करतो, आणि येतो तेव्हा थोरलं भांडं निघतं. निघू दे. उरलेले रविवार माझे.

पण तुम्ही, ज्यांच्या घरात दोनच ताटं लागतात, किंवा एकच, ते कुणाची वाट बघताय? एका अंड्याला लाजू नका. तुमच्या फडताळावर माझ्यासारखा एखादा असेलच. त्यातले चिमटे ओता. आणि कोपरा राखून ठेवू नका. गरम असतानाच खा.