जीपचं दावं

दिव्यानी जीपच्या बोनेटवरची धूळ बोट फिरवून तपासत होती आणि लटारू शरमून बाजूला उभे होते. त्यांनी आदल्या दिवशीच पाण्याची बादली भरून ठेवली होती. पण नागपूरहून हिचा फोन आला : धुऊ नका, पुसूसुद्धा नका. ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात विकायचा बैल न धुता कुणी गिऱ्हाइकापुढे आणत नाही.

दिव्यानीचं काम जुन्या गाड्यांची किंमत ठरवण्याचं. नागपुरातल्या एका शौकिनाला जशीच्या तशी राहिलेली विलीज जीप हवी होती. नवा रंग नको, बदललेले भाग नकोत. लटारूंची जीप जंगलखात्याच्या लिलावातून आलेली. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत ती भोंगा बांधून गावोगाव नाटकांची जाहिरात करत फिरायची. पुढे लटारूंची नजर अधू झाली आणि जीप मांडवात उभी राहिली ती राहिलीच. अधूनमधून हँडल मारून ते तिला सुरू तेवढी करत.

"हा रंग मूळचाच ना, भाऊ?" दिव्यानीने विचारलं.

"दुसरा लावाले पैसे कुठी होते?" लटारूंच्या आधी शकुबाईच दारातून बोलल्या.

"त्याचेच तर पैसे मिळणार आहेत, बाई."

"गंजाचे?"

"कुणी हात लावला नाही, त्याचे."

शकुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आयकलं का? तुमच्या आळशीपनाले भाव आला."

दिव्यानी जीपखाली शिरली. इंजिनावरचा नंबर तिने कागदाशी जुळवला, मग बाहेर येऊन आकडा सांगितला. मांडवाच्या खांबाला टेकलेली मयुरी, लटारूंची नात, एकदम सरळ झाली. ब्रह्मपुरीच्या बाजारात भाजी पोचवायला तिला जुनी पिकअप घ्यायची होती. गाडी बघून ठेवली होती, आणि पहिला हप्ता या आकड्यात जेमतेम बसत होता.

"आता हँडल दाखवा," दिव्यानी म्हणाली.

"ते नाई भेटनार," लटारू म्हणाले.

"का?"

"आजवर किती बैल इकले मी. दावं कोनाले देल्लं नाई. घेनारानं आपलं दावं आनाव. दाव्यासंग गोठ्याची बरकत जाते, बाई. जीपचं दावं म्हंजे हँडल."

दिव्यानी हसली नाही. "भाऊ, त्याच्यावर कंपनीचा ठसा आहे. ते नसेल तर मला 'अपुरी' लिहावं लागेल, आणि घेणारा भाव पाडेल."

"लिवा."

तिने अंगणात जाऊन फोन लावला. परत आली तेव्हा भाव चाळीस हजारांनी उतरला होता. मयुरी पुन्हा खांबाला टेकली, आणि तेच लटारूंना जड गेलं. बरकत राखायची होती ती हिच्यासाठीच. हिची पिकअप याच मांडवात उभी राहायची होती. आता हँडल घरात राहणार आणि पिकअप दुसऱ्याच्या दारात.

"जीप तनस खाते का?" शकुबाई म्हणाल्या. "मंग तिले दावं कायचं?"

"तू गप राय."

मयुरी खांबापासून निघून त्यांच्याजवळ आली. "आबाजी, दावं कायले लागते?"

"ढोर बांधाले."

"अन् हँडलानं तुमी जीप बांधून ठेवत होते का? त्यानं तं ते सुरू होते. जाते."

लटारू जीपकडे वळले. मग म्हणाले, "मंग बांधलेली कायनं हाये?"

मयुरीने खाली बोट दाखवलं. मागच्या चाकाखाली अडण म्हणून सागाच्या लाकडाची उटी होती. हातब्रेक गेल्यापासून मांडवाच्या उतारावर जीपला तीच धरून होती. त्यांनीच कुऱ्हाडीने तासलेली. टायरने तिला मधोमध खोलगट केलं होतं. लटारू गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्यांनी तो खोलगट भाग हाताने चाचपला.

"बाई," ते दिव्यानीला म्हणाले, "हे उटी कंपनीची तं नाई ना?"

"नाही. कंपनीनं ब्रेक दिला होता, भाऊ."

शकुबाईंना हसू आवरेना. लटारू घरात गेले, धानाच्या ढोलीमागून पोत्यात गुंडाळलेलं हँडल घेऊन आले आणि दिव्यानीच्या हातात दिलं. तिने ठसा पाहिला, कागदावरचा शब्द खोडला आणि पुन्हा फोन लावला. पहिलाच भाव राहिला.

गुरुवारी ट्रक आला. चढवायला फळ्या लावल्या. हँडल शेवटचं कुणी मारायचं हे कुणी विचारलं नाही; लटारूंनीच मारलं. जीप दोनदा खोकली आणि सुरू झाली. ट्रकवाला जीपच्या स्टिअरिंगवर बसला. लटारू मागच्या चाकाशी वाकले, उटी ओढून काढली आणि काखोटीला मारली. जीप जराशी मागे सरकली, सावरली आणि फळ्यांवरून वर गेली. हँडल त्यांनी पोत्यासकट सीटवर ठेवलं.

ट्रक वळणापलीकडे गेला. मांडवात तेलाचा काळा डाग तेवढा उरला.

"आना ते लाकूड इकडं," शकुबाई म्हणाल्या. "चुलीले होईल."

"हात नोको लावू. मयुरीच्या गाडीले लागंल."

"तिच्या गाडीले ब्रेक राहीन."

"राहीन," लटारू म्हणाले, आणि उटी आत घेऊन गेले.