नंबर नसलेल्या गोगलगायी

अकरा वर्षं मी गोगलगायींच्या वंशावळी मांडत बसलो. तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न ते माझ्या बायकोला विचारतात.

अनुदान कधी मिळालं नाही, म्हणून संशोधनाला फुकटची जागा निवडली. अलीकडे सासूबाईंची परसबाग, पलीकडे बंद पडलेल्या कारखान्याचा मोकळा प्लॉट. मधे रुंद रस्ता आणि दिवसभर ट्रकची वर्दळ. गोगलगाय हा रस्ता ओलांडायला निघाली तर तिचं काय होईल, हे सांगायला डॉक्टरेट लागत नाही. मला लागली.

दर रविवारी मी दोन्हीकडे रांगत गोगलगायी गोळा करायचो, बायकोच्या नेलपॉलिशनं शंखावर नंबर घालायचो आणि सोडून द्यायचो. असे चार हजारांवर नंबर झाले, पण एकही नंबरवाली रस्त्यापलीकडे सापडली नाही. डीएनए मात्र वेगळंच सांगत होता. बागेतल्या गोगलगायींचा वंश प्लॉटवर सारखा मिसळत होता. प्लॉटवरचा बागेत, कधीच नाही.

म्हणजे कोणीतरी त्यांना नेत होतं. मी ठरवलं, पाखरं! त्यांच्या पायाच्या चिखलाला इवली पिल्लं चिकटत असणार. एवढ्या बारीक पिल्लांना मी नंबर घालत नव्हतो, त्यामुळे सगळं कसं चपखल बसलं. तसा शोधनिबंध लिहिला. छापण्याआधी तो तपासणाऱ्यानं विचारलं, "पाखरं परत येताना पाय धुऊन येतात का?" त्यावर मी वाऱ्याच्या दिशेबद्दल दीड पान लिहिलं. निबंध छापून आला, एका परिषदेत मुख्य भाषणाचं आमंत्रण आलं आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला.

भाषणाची तालीम सासूबाईंच्या स्वयंपाकघरात केली. ऐकायला बायको आणि मटार सोलत बसलेल्या सासूबाई.

"म्हणजे पाखरं नेतात?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"अगंबाई! मग मी नेते त्या कुठल्या?"

बायको उठून खिडकीशी गेली. पाठमोरी होती, पण खांदे हलत होते.

"तुम्ही नेता? कधीपासून?"

"हिचे बाबा होते तेव्हापासून. कोवळी रोपं फस्त करतात हो. मारायचं जिवावर येतं, म्हणून बादलीत भरते आणि पलीकडे सोडून येते. रविवारी नाही नेत. तुमच्या कामात लुडबुड कशाला?"

"मग नंबरवाली एकही पलीकडे कशी गेली नाही?"

"त्या तुमच्या ना? नंबर दिसला की परत पाल्यात ठेवते. जावयाच्या वस्तूला हात लावीन होय मी?"

"पण मला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी विचारलंत? चहा ठेवू का म्हटलं तरी तुमची मान गवतातून वर येत नाही."

बुडत्यानं काडी धरावी तसं मी विचारलं, "वर्षाला दोन-तीनच नेत असाल ना?" माझ्या गणितातून तेवढाच आकडा निघाला होता.

"आठवड्याला बादलीभर."

"मग त्यातल्या बहुतेक मरत असतील."

हे मात्र त्यांना लागलं. "मरतील कशाला? सावली बघून सोडते मी."

परिषदेत मी पाखरं वगळली आणि खरं ते सांगितलं. सभागृह इतकं हसलं की भाषण निम्म्यावर आवरावं लागलं. पाखरांचा निबंध मागे घेतला, त्या जागी अर्ध्या पानाचा खुलासा छापला. माझ्या आधीच्या सगळ्या निबंधांवर मिळून आली नसतील एवढी पत्रं त्या अर्ध्या पानावर आली. बढती बारगळली. आमच्या विभागप्रमुख बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी घरात विचारा."

खुलासा मी सासूबाईंना मोठ्या हौसेनं वाचून दाखवला. 'घरातील एका ज्येष्ठ सदस्याने' इथं त्यांनी मला थांबवलं.

"हे ज्येष्ठ सदस्य कोण?"

"तुम्हीच की."

"मग नाव घालायला काय झालं होतं?"

दोन रविवार त्यांनी अबोला धरला. तिसऱ्या रविवारी मी गवतात न जाता टेबलाशी बसलो आणि संपादकांना खुलाशाचा खुलासा लिहिला, सासूबाईंच्या पूर्ण नावासकट. त्यांनी तो निमूटपणे छापला. सासूबाईंनी तो अंक शेजारच्या बाईंना वाचायला दिला. तो अजून परत आलेला नाही.