बरणीत उरलेलं डिझेल

दचकू नका, मीच बोलतेय, शोरूमच्या काचेमागे उभी असलेली शर्यतीची गाडी. माझं इंजिन कधीच काढून घेतलंय, त्यामुळे आवाज चढवायची सोय नाही. एका परीने बरंच आहे. आत काही नसलं की दुखतही नाही.

माझा जन्म लोकांना पटवण्यासाठी झाला. डिझेल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे धूर ओकणारा ट्रक यायचा आणि कंपनीला तर डिझेलच्या घरगुती गाड्या खपवायच्या होत्या. म्हणून मला शर्यतीत उतरवलं. प्रेक्षकांनी नाकं मुरडली. "ही काय सामान पोचवायला आलीय का?" असं कोणीतरी ओरडलंसुद्धा. प्रचारवाले साहेब खमके. ते माझ्या धुराड्यामागे पांढरा रुमाल धरायचे आणि तो तसाच पांढरा राहिलेला सगळ्यांना फडकावून दाखवायचे. शर्यत संपली की टाकीत उरलेलं डिझेल काचेच्या बरणीत काढायचं, हा त्यांचा दुसरा खेळ. बरणी जितकी भरेल तितक्या टाळ्या जास्त.

मला चालवायचा धाकटा. त्याची थोरली बहीण आमची इंजिनिअर; ती ट्रॅकच्या कडेला बसून त्याच्या कानातल्या यंत्रात बोलायची. ती त्याला धाकट्या म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायला लागले. थेंब थेंब डिझेल वाचवत गाडी पळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पहिला तो कधीच आला नव्हता.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी माझ्या टपावर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, यानंतर मला कोण गाडी देणार? आज एकदा तरी."

"बघू," ती म्हणाली.

शेवटच्या फेरीत पुढे एकच लाल गाडी उरली. तिचे टायर झिजलेले, ती वळणावर डगमगत होती. माझ्या टाकीत डिझेल होतं, अंगात जोर होता.

"ताई, दाबू का?"

कानात खरखर झाली. ताईच्या शेजारून साहेबांचा आवाज आला, "अहो, फोटोवाले बरणीपाशी उभे आहेत. अर्धी तरी भरू दे. दुसरा नंबर चालेल आपल्याला."

"ताई?"

"नको," ती म्हणाली. "आहे तसाच राहा."

तो राहिला. आम्ही दुसरे आलो. बरणी अर्ध्याच्या वर भरली आणि धाकटा तिच्या शेजारी उभा राहून फोटोसाठी हसला. तेव्हापासून मला फारसं काही वाटेनासं झालं.

गाड्या मात्र धडाधड खपल्या. धाकट्याला कंपनीने याच शोरूममध्ये चिकटवलं. गिऱ्हाइकाशेजारी बसून तो सांगायचा, "पाय हलका ठेवा, डिझेल वाचतं." मला इथे उभं केलं, शेजारी ती बरणी. आगीची भीती नको म्हणून तिच्यात आता रंगीत पाणी आहे. ताई अधूनमधून यायची. दोघं मुलांच्या शाळेबद्दल बोलायची, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायची. त्या फेरीचा विषय कोणी काढला नाही.

आज मला भंगारात न्यायला ट्रक आलाय. माझ्या जागी बॅटरीवरची गाडी येणार आहे. ढकलायला माणसं आहेत, पण आत स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवं, म्हणून धाकटा बसला. निरोपाला आलेली ताई खिडकीशी वाकली.

"धाकट्या, मी हो म्हणायला हवं होतं."

"मी विचारायलाच नको होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

मलाही इतकी वर्षं हेच म्हणायचं होतं. पेडल त्याच्या पायाखाली होतं आणि मी तयार होते.

येते मी. तुम्ही पाय हलकाच ठेवा, मी त्यासाठीच जन्मले. फक्त कधीतरी एखादी फेरी आपली असते, तेवढी ओळखा.

माणसं ढकलू लागली. मी ट्रकच्या फळीवर चढत असताना धाकट्याचा पाय पेडलवर गेला आणि त्याने ते पार तळाला टेकवलं. या वेळी कोणाला विचारलं नाही. मी हलले, ढकललं तेवढीच.